विहिरीतला चकाकणारा खडा हिरा असू शकतो का? (हिऱ्याचे गुणधर्म आणि हिरे देणारे खडक)

खडकवाट

उन्हाळ्यात विहिरींची कामं निघाली की या मंचावर दरवर्षी एकदोन फोटो हमखास येतात. काळ्या पाषाणात सुरुंग उडवला, आत पोकळी लागली आणि पोकळीच्या भिंतींना काचेसारखे स्वच्छ, टोकदार खडे. खाली प्रश्न एकच: हिरे तर नाहीत ना? फोटो जुन्नरचा असो, सिन्नरचा असो की जळगावचा, उत्तर "नाहीत" हेच. पण नुसत्या "नाहीत"ने कुणाचं समाधान होत नाही, आणि मग कुणीतरी खडा घणाखाली ठेवून खात्री करायला जातं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माहितगारांनी भर घालावी.

हिरा ओळखायची सुरुवात खड्यापासून करू नये, खडकापासून करावी. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. जमिनीवरच्या दाबाला कार्बनची स्थिर अवस्था ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. तेच अणू हिऱ्याच्या ठेवणीत बसायला साधारण ४५ ते ६० हजार वातावरणांइतका दाब आणि ९०० ते १३०० अंश सेल्सियस तापमान लागतं. ही जोडी जुळते ती बहुतेक वेळा १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, आणि तीही जिथे भूखंडाचं मूळ जुनं, जाड आणि थंड आहे तिथेच. अशा २५० कोटी वर्षांहून जुन्या भूखंडांच्या गाभ्याला क्रेटॉन म्हणतात. आपल्याकडे धारवाड, बस्तर, बुंदेलखंड ही त्यातली ठाणी.

आता तो वर येणार कसा? किंबर्लाइट आणि लॅम्प्रोइट या दोन जातींचे शिलारस इतक्या खोलून निघतात. त्यांत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ कोंडलेली असते, त्यामुळे ते काही तासांत किंवा फार तर दिवसांत भूपृष्ठापर्यंत धडक मारतात. वाटेत लागलेले खडकांचे तुकडे आणि त्यांतले हिरे ते उचलून आणतात. प्रवास असा झटपट झाला तरच हिरा वाचतो. रेंगाळला तर शिलारसात झिजत जातो किंवा त्याचा ग्राफाइट होतो. वर आलं की गाजराच्या आकाराची नळी तयार होते. तोंड रुंद, खाली निमुळती. त्याला पाइप म्हणतात.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्याचा शिलारस हिरा टिकतो त्या पातळीच्या बराच वर तयार झाला. त्यामुळे हिरे उचलायला तो खाली गेलाच नव्हता. बेसाल्टात पोकळ्या मात्र भरपूर, कारण लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे तसेच गोठले. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातल्या क्षारांचे स्फटिक भिंतींवर वाढले: गारगोटी, कॅल्साइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट. विहिरीत चमकतात ते हेच. पोकळीच्या भिंतीला चिकटून वाढलेला स्फटिक दिसला की तिथेच हिऱ्याची शक्यता संपते. हिरा पोकळीत वाढत नाही. तो खडकाच्या पिठात एकटा रुतलेला असतो.

मळेकरी

धागा अगदी वेळेवर. ओतूरजवळच्या विहिरीत निघालेले खडे समोर आहेत. सगळे पारदर्शक, माथ्याला चार उतार असलेलं टोक, पिरॅमिडसारखं. हिऱ्याचा अष्टफलक असाच असतो ना? शिवाय काचेवर ओढला की रेघ उठते. गावात दोन मतं पडली आहेत. घणाचा घाव घालून बघावं आणि फुटला नाही तर हिरा, असं एकाचं म्हणणं आहे.

भिंगवाला

मळेकरी, आधी घण बाजूला ठेवा. हिऱ्याच्या बाबतीत सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच.

कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीण म्हणजे ओरखडा न उठणं. चिवट म्हणजे घाव सोसणं. मोह्सच्या मापावर हिरा १०, माणिक-नीलम ९, पुष्कराज ८, गारगोटी ७. हे आकडे नुसते क्रम सांगतात, अंतर नाही. प्रत्यक्ष दाबून मोजलं तर ९ आणि १० मधलं अंतर १ ते ९ मधल्या सगळ्या अंतरापेक्षा मोठं आहे. एवढं असूनही हिरा घावाने फुटतो. त्याच्या अणुरचनेत चार दिशांच्या पातळ्या अशा आहेत की त्यांना काटकोनात जाणारे बंध तुलनेने विरळ. त्या पातळीवर घाव बसला की हिरा आरशासारखा सपाट दुभंगतो. पूर्वीचे कारागीर कच्चा हिरा फाडायचे ते याच पातळ्या शोधून: एका हिऱ्याच्या धारेने दुसऱ्यात खाच पाडायची, त्यात बोथट पाते ठेवायचं आणि वर एक हलका ठोका द्यायचा. त्या ठोक्यात चुकलं तर मालाचा चुरा. घणाने तर चुराच होणार. म्हणजे खडा फुटला यावरून तो हिरा नव्हता असं सिद्ध होत नाही, आणि खरा असता तर तोही गेला.

काचेवरच्या रेघेचं. काचेचा कठीणपणा साधारण ५.५. गारगोटी ७, म्हणजे तीही काच सहज ओरबाडते. अपोफिलाइट ४.५ ते ५. त्याने काचेवर पांढरी रेघ दिसते, पण ती बऱ्याचदा खड्याचीच झिजलेली पूड असते. ओल्या बोटाने रेघ पुसून बघा. पुसली गेली तर काच ओरबाडली नाही, खडा झिजला. ही साधी गोष्ट केली नाही म्हणून बरेच जण फसतात.

आणि टोकाचा आकार. चार उतारांचा पिरॅमिड आणि त्याच्याखाली चौकोनी खांब, खांबावर उभ्या बारीक रेषा, माथा सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी झाक: हा अपोफिलाइट. हिऱ्याच्या अष्टफलकाला खांब नसतो. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडल्यासारखे, आठही बाजू समभुज त्रिकोण. निसर्गात तेही इतके धारदार क्वचितच मिळतात. वर येताना शिलारसात झिजल्यामुळे कडा गोल होतात आणि अष्टफलकाचा फुगीर बारा बाजूंचा गोटा होतो. दहापटीच्या भिंगातून अष्टफलकाच्या बाजूवर बघितलं तर बारीक त्रिकोणी खळगे दिसतात, आणि त्यांची टोकं बाजूच्या टोकांच्या नेमकी उलट दिशेला असतात. हे उलटे त्रिकोण नैसर्गिक कच्च्या हिऱ्याची फार भरवशाची खूण आहे.

अजून एक. कच्चा हिरा "चकाकत" नाही. तेलकट हात लागलेल्या काचेसारखा, काहीसा साबणासारखा दिसतो. पोकळीतून काढल्या काढल्या लखलखणारा खडा बघितला की मला आधीच खात्री पटते की तो हिरा नाही.

मळेकरी

रेघ पुसली गेली! ओल्या फडक्याने साफ निघाली. घण बाजूला ठेवला. पण गावात पटवून द्यायला काहीतरी आकड्यात पाहिजे.

भिंगवाला

मग घनता काढा. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, प्लास्टिकचा ग्लास, पाणी आणि शिवणकामाचा दोरा, एवढंच लागतं.

खडा धुऊन कोरडा करा आणि वजन घ्या. मग ग्लासात निम्म्याहून थोडं जास्त पाणी घेऊन ग्लास काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. दोरा वरून हातात किंवा एखाद्या आडव्या काडीला धरा, ती काडी काट्याला टेकलेली नको. आता काटा जे दाखवेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. हवेतलं वजन भागिले हा आकडा, की घनता मिळाली.

समजा खडा १८.४० ग्रॅमचा आहे. पाण्यात आकडा ६.९४ आला तर घनता २.६५, गारगोटी. ६.७९ आला तर २.७१, कॅल्साइट. ७.८० च्या आसपास आला तर २.३६, अपोफिलाइट. हिऱ्याची घनता ३.५२. तेवढ्याच वजनाच्या हिऱ्याने फक्त ५.२३ दाखवलं असतं. म्हणजे गफलत व्हायला जागाच नाही.

चुका होतात त्या ठरलेल्या. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खडा बुडवून हलवा. पंख्याचा वारा काट्याला लागू देऊ नका. आणि लहान खड्याला ही पद्धत लावू नका. दोन कॅरटचा हिरा म्हणजे ०.४० ग्रॅम. तो फक्त ०.११४ ग्रॅम पाणी सारतो. काट्यावर ०.११ आलं तर उत्तर ३.६४ आणि ०.१२ आलं तर ३.३३. एका घराच्या फरकाने खडा दुसराच ठरतो. लहान खड्याला ०.००१ ग्रॅमचा काटाच हवा.

घनता ३.५ च्या आसपास आली तरी उड्या मारायच्या नाहीत. पुष्कराजाची घनता ३.५ ते ३.५७, जवळजवळ हिऱ्याइतकीच. रंगहीन पुष्कराज बाजारात भरपूर. फरक प्रकाशात आहे: पुष्कराज प्रकाशकिरण दुभंगतो, हिरा दुभंगत नाही. रत्नपारख्याकडे पोलरायझरच्या दोन काचांमध्ये खडा फिरवला की हे मिनिटभरात कळतं.

सूर्यफूल

एक शंका. लहानपणापासून ऐकतोय की कोळसा दाबला गेला की हिरा होतो. मग चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात हिरे का नाहीत?

खडकवाट

कारण ती समजूतच चुकीची आहे. कोळसा जमिनीवरच्या झाडांचा होतो, आणि जमिनीवर जंगलं उभी राहिली तीच ४० कोटी वर्षांच्या आत. हिरे बहुतेक १०० ते ३५० कोटी वर्षांचे. झाडं नव्हती तेव्हापासून हिरे आहेत. शिवाय कोळशाचे थर फार तर दोनतीन किलोमीटर खोल, हिऱ्याचं घर दीडशे किलोमीटरवर. त्याला कार्बन मिळतो तो पृथ्वीच्या प्रावरणातून आणि खाली सरकत गेलेल्या समुद्रतळाच्या खडकांतून, कार्बनी वायू आणि द्रवांच्या रूपाने.

हिरा हा त्याला वर आणणाऱ्या किंबर्लाइटपेक्षाही बराच जुना असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या नळ्या सुमारे ९ कोटी वर्षांच्या, त्यांतले कित्येक हिरे ३०० कोटींच्या पुढचे. किंबर्लाइट फक्त गाडी आहे, गाडीच्या वयावरून प्रवाशाचं वय काढता येत नाही.

वैनगंगेकाठी

महाराष्ट्रात हिरा नाहीच असं म्हणता येणार नाही. डेक्कन बेसाल्टात नाही, हे बरोबर. पण बेसाल्ट नागपूरच्या जवळ संपतो आणि पुढे भंडारा, गडचिरोली जुन्या खडकांवर आहेत, बस्तर क्रेटॉनचा पश्चिम काठ. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडची हिऱ्याची खाण आईन-ए-अकबरीत नोंदलेली आहे. गावाच्या नावातच वज्र, म्हणजे हिरा, आहे. हिरे मिळत ते तिथल्या जांभ्याच्या खडीतून. मूळ नळी नव्हे, झिजून पसरलेला माल. पलीकडे छत्तीसगडमध्ये मैनपूर भागात बेहराडीह आणि पायलीखंड इथे प्रत्यक्ष किंबर्लाइट सापडलेले आहेत, तेही याच क्रेटॉनवर.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यांची आठ उगमस्थानं दिली आहेत. त्यात वेणा नदीच्या काठचा हिरा शुद्ध म्हटला आहे. वेणा म्हणजे वैनगंगा की कृष्णा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला जास्त बोलकं वाटतं ते त्याच यादीतलं सौर्पारक, म्हणजे आपलं नालासोपाऱ्याजवळचं सोपारा. तिथे जमिनीखाली बेसाल्ट आहे, हिरा निघणं शक्यच नाही. सोपारा हे बंदर होतं. माल दुसरीकडून यायचा आणि नाव बंदराचं पडायचं. गोवळकोंड्याचंही तेच. गोवळकोंडा किल्ला आणि बाजार. खाणी होत्या कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्लूर, परिटाला या भागात. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए सतराव्या शतकात कोल्लूरला गेला होता आणि तिथे साठ हजार माणसं कामाला असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणून जुन्या पोथीत एखाद्या गावाचं नाव हिऱ्याशी जोडलेलं दिसलं की खडकवाट म्हणतात तसं आधी तिथला खडक बघावा. बाजार आणि खाण वेगळी असू शकते.

पन्नावाट

आजच्या भारतातली चालू ठिकाणं सांगतो. मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवां इथे पाइप आहे, ती खाण एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीची. खडकात हिऱ्याचं प्रमाण शंभर टनांना साधारण १० कॅरट. म्हणजे शंभर टन दगड फोडायचा आणि त्यातून दोन ग्रॅम माल काढायचा. बोत्स्वानातली ज्वानेंगची खाण याच्या दसपटीच्या पुढे जाते, टनाला एक कॅरटहून जास्त. तरी ते प्रमाणसुद्धा पन्नास लाख ग्रॅममागे एक ग्रॅम!

मझगवांच्या आसपास उथळ खाणी आहेत त्या सामान्य माणसाला मिळतात. पन्नाच्या हिरा कार्यालयातून ८ बाय ८ मीटरचा पट्टा घ्यायचा. वरची माती, दगड काढून हिऱ्याच्या खडीपर्यंत जायचं. ही खडी दोन-चार फुटांवर लागते, कुठे वीस फुटांच्याही खाली. तिला तिथे "चाल" म्हणतात. चाल काढून पाण्याच्या टाकीत तुडवून-चोळून धुतात, म्हणजे चिकणमाती निघून जाते. मग ती उन्हात सपाट अंगणात पसरून वाळवायची. वाळली की थोडी थोडी पुढे ओढून हाताने खडा न् खडा बघायचा. धुणं नीट झालं नाही तर मातीचा लेप राहतो, आणि लेप असलेला हिरा साध्या खड्यासारखाच दिसतो. बहुतेक माल हातचा जातो तो इथेच. सापडलेला हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तिथे लिलाव होतो आणि रॉयल्टी कापून उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. परस्पर विकणं गुन्हा आहे.

आंध्रात अनंतपूरकडे वज्रकरूरला किंबर्लाइटच्या नळ्या आहेत. कर्नूल-अनंतपूरच्या शेतांत पहिल्या पावसानंतर लोक हिरे शोधायला उतरतात, कारण पाऊस माती धुतो आणि जड खडे वर उघडे पडतात. तिथे खडा सापडण्यामागे भूशास्त्र आहे. आपल्याकडच्या बेसाल्टात ते नाही.

मळेकरी

नदीत का शोधतात? कुकडी आमच्या इथूनच जाते.

खडकवाट

नदी हिरा तयार करत नाही, फक्त निवडते. क्रेटॉनवरची नळी झिजली की हिरे ओढ्यात येतात. कठीण आहेत, रसायनांनी गंजत नाहीत, म्हणून शेकडो किलोमीटर जातात. वाटेत चिरा असलेले फुटून नाहीसे होतात आणि धड असलेले उरतात. नामिबियाच्या किनाऱ्यावर ऑरेंज नदीने नेलेल्या हिऱ्यांत दागिन्याच्या प्रतीचे सुमारे ९५ टक्के भरतात, ते याचमुळे. साचतात कुठे? जिथे पाण्याचा जोर एकदम कमी होतो तिथे: वळणाच्या आतल्या बाजूला, खडकातल्या आडव्या खाचांत आणि रांजणखळग्यांत. निघोजला कुकडीत आहेत तसेच रांजणखळगे दुसऱ्या एखाद्या नदीत असते आणि तिच्या उगमाकडे किंबर्लाइट असता, तर पहिलं पावडं तिथेच मारलं असतं. पण कुकडी सह्याद्रीत उगम पावते आणि ओतूर-निघोजपर्यंत बेसाल्टातूनच वाहते. तिच्या गाळात हिरा येणार तो कुठून?

शोध घेणारे लोक मुळात हिरा शोधतच नाहीत. तो फारच विरळ. ते त्याचे सोबती शोधतात: जांभळट-लाल पायरोप गार्नेट, गर्द हिरवा क्रोम डायोप्साइड, मॅग्नेशियमयुक्त इल्मेनाइट, क्रोमाइट. ओढ्यातली पाचपन्नास किलो खडी चाळून त्यातला जड भाग वेगळा करतात आणि हे दाणे भिंगाखाली वेचतात. डायोप्साइड लवकर कुजतो, त्यामुळे तो मिळाला तर नळी जवळच. गार्नेट दूरवर जातं. आपल्यासारख्या उष्ण, पावसाळी हवेत डायोप्साइड क्वचितच टिकतो, म्हणून भारतात क्रोमाइट आणि इल्मेनाइटवर जास्त विसंबावं लागतं. सैबेरियात १९५४ साली लारिसा पोपुगायेव्हा यांनी नदीतल्या पायरोपचा माग काढत झार्नित्सा ही नळी गाठली. पुढच्याच वर्षी मीर नावाची नळी सापडली.

सरणकाम

एक गोष्ट कुणी बोललं नाही. हिऱ्यापेक्षा कठीण काही नाही, तर हिरा घासतात कशाने? उत्तर: हिऱ्यानेच, पण दिशा बघून.

हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो. अष्टफलकाच्या बाजूला समांतर पैलू जवळजवळ घासलाच जात नाही. घनाच्या, म्हणजे फाशासारख्या आकाराच्या, पृष्ठावर कडांना समांतर दिशेने घासणं सगळ्यात सोपं. सरणीवर, म्हणजे बिडाच्या फिरत्या तबकडीवर, हिऱ्याची बारीक पूड तेलात कालवून लावलेली असते. त्या पुडीत कोट्यवधी कण वाटेल त्या दिशांनी पडलेले असतात. त्यातल्या काहींची कठीण दिशा खड्याच्या मऊ दिशेला लागतेच, आणि ते कण काम करतात. कारागिराचं कौशल्य म्हणजे प्रत्येक पैलूसाठी खड्याची मऊ दिशा सापडवणं. दिशा चुकली की खडा कापला जात नाही, किंचाळतो, तापतो, सरणीवर चर पडतात आणि खड्यावर जळाल्याचा पांढरट डाग येतो. मग डाग काढायला आणखी वजन घालवावं लागतं.

चकाकी येते ती या कामातून. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळे आत शिरलेला किरण २४.४ अंशांहून तिरपा आदळला की बाहेर न पडता परत फिरतो. तळिया, म्हणजे खड्याचा खालचा निमुळता भाग, साधारण ४१ अंशांवर ठेवला तर वरून आलेला प्रकाश दोनदा परतून वरच निघतो. तळिया उथळ झाला की टेबलाखाली (माथ्यावरच्या सपाट पैलूखाली) कमरेचं, म्हणजे खड्याच्या सगळ्यात रुंद कडेचं, करडं वर्तुळ माशाच्या डोळ्यासारखं दिसतं. खोल झाला की मधोमध काळोख. रंगांच्या ठिणग्या मथाळ्याच्या, म्हणजे कमरेच्या वरच्या भागाच्या, पैलूंमधून सुटतात, मथाळा ३४-३५ अंशांचा ठेवतात तो त्यासाठी. हे कोन साधेपर्यंत चांगल्या कच्च्या मालाचंही निम्मं वजन सहज जातं.

सूर्यफूल

सराफाकडच्या पेनासारख्या टेस्टरवर कितपत विश्वास ठेवावा? आणि प्रयोगशाळेत बनलेला हिरा त्यात कळतो का?

भिंगवाला

टेस्टरचं टोक गरम असतं आणि खडा किती वेगाने उष्णता ओढून घेतो ते तो बघतो. हिरा उष्णतेच्या बाबतीत तांब्याच्या चौपट-पाचपट चांगला वाहक आहे, वीज मात्र वाहू देत नाही. उष्णता अशी ओढतो म्हणूनच तो ओठाला थंड लागतो. गारगोटी, काच, अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनिया, हे सगळे टेस्टरवर लगेच पडतात. मॉइसानाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा मात्र पास होतो, कारण तोही उष्णता जोरात ओढतो. तो ओळखायचा भिंगाने: खडा किंचित तिरपा धरून वरच्या पैलूतून खालच्या कडा बघा, त्या दुहेरी दिसतात. हिऱ्यात एकेरीच. टोक चुकून कोंदणाच्या सोन्याला लागलं, खडा ओला किंवा हातात धरून गरम झालेला असला किंवा सेल उतरलेला असला तरी टेस्टर चुकतो.

सुट्या गोल खड्याला मापावरून पकडता येतं. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, मिलिमीटरमध्ये, आणि त्याला ०.००६१ ने गुणा: हिऱ्याचं कॅरटमधलं वजन येतं. साडेसहा मिलिमीटर व्यास, ३.९ उंची म्हणजे एक कॅरट. काट्यावर तोच खडा दीड कॅरटच्या पुढे गेला तर झिर्कोनिया, कारण त्याची घनता ५.६ ते ६.

प्रयोगशाळेतला हिरा हा खराच हिरा. घनता, कठीणपणा, टेस्टर, सगळं तेच. फरक नायट्रोजनात आहे. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू असतात आणि कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेत ते सरकत सरकत जोड्यांनी, चौकड्यांनी एकत्र येतात. यंत्रात काही आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. हा फरक वर्णपटमापकावर दिसतो, पेन टेस्टरवर दिसत नाही. दुकानात "टेस्टरने तपासलं, नैसर्गिक आहे" असं कुणी म्हणालं तर ते विधान चुकीचं आहे. प्रमाणपत्र मागा.

जाता जाता दागिने दुरुस्त करणाऱ्यांसाठी. हिरा हवेत ७००-८०० अंशांच्या आसपास पृष्ठभागावरून जळू लागतो. हिरा काढता येत नसेल तर डाख देण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून त्यावर लेप द्या. आणि तापलेला दागिना लगेच पाण्यात टाकू नका. खड्यात आधीच चीर असेल तर ती वाढते.

पन्नावाट

मोठ्या खाणींत हिरा वेगळा करायला हेच गुणधर्म वापरतात. फोडलेला खडक फेरोसिलिकॉनच्या पुडीच्या दाट पाण्यात सोडतात, हलकं तरंगतं आणि जड बुडतं. मग जड भाग क्ष-किरणांखाली: हिरा चमकला की हवेचा झोत त्याला बाजूच्या पेटीत उडवतो. जुन्या पद्धतीत ग्रीस लावलेल्या उतरत्या टेबलावरून पाणी आणि खडी सोडायची. हिऱ्याला पाणी धरत नाही, तो ग्रीसला चिकटतो, बाकीचे ओले खडे वाहून जातात. क्षारांचा लेप चढलेले हिरे मात्र ग्रीसला धरत नाहीत. तसंच नायट्रोजन नसलेले अतिशुद्ध हिरे क्ष-किरणांत मंद चमकतात आणि कचऱ्यात जाऊ शकतात. फार मोठे हिरे क्रशरमध्येच फुटायचे. बोत्स्वानातल्या कारोवे खाणीने म्हणून क्ष-किरण आरपार पाठवून कार्बन ओळखणारी यंत्रं बसवली, आणि २०२४ मध्ये तिथे २,४९२ कॅरटचा हिरा अखंड निघाला. त्याहून मोठा दागिन्याच्या प्रतीचा एकच: १९०५ चा कलिनन, ३,१०६ कॅरट.

मळेकरी

आकडे काढले. खडा ११.३२ ग्रॅम, पाण्यात ४.८०. भागाकार २.३६. साबणाचा थेंब टाकून दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. म्हणजे अपोफिलाइट. गावात दाखवलं, काट्यावरचा आकडा बघून सगळे गप्प झाले. आता या खड्यांचं करायचं काय?

खडकवाट

टाकू नका. जळगाव, नाशिक, पुण्याच्या बेसाल्टातले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या, तुमच्याकडे काय आहे ते कळेल. किंमत सुट्या खड्याला जवळजवळ नाही. आईखडकासकट निघालेल्या, टोकं शाबूत असलेल्या गुच्छाला आहे. म्हणून पोकळीत अजून काही असेल तर स्फटिक पकडून ओढू नका. चारही बाजूंनी वीतभर लांब छिन्नीने खडक कापून सबंध तुकडा उचला. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. आम्ल लावू नका आणि उन्हात तापत ठेवू नका. अपोफिलाइटच्या स्फटिकात पाणी असतं, तापला की त्याचे पापुद्रे सुटतात. शेजारी पांढरे, ठिसूळ, काड्यांसारखे स्फटिक असतील तर तो लॉमोंटाइट असू शकतो. तो हवेत सुकला की पिठासारखा भुगा होतो, त्याला हात न लावलेला बरा. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्राच्या दोनतीन घड्यांत स्वतंत्र गुंडाळा, आणि कागदावर गाव, विहिरीची खोली आणि तारीख लिहून आत ठेवा. ती चिठ्ठी हरवली तर नमुन्याची निम्मी किंमत गेली.